मायाच्या कागदांसाठी जळगाव-रावेर

सोमवार, दिनांक १२ डिसेंबर १९८८. जवळची रक्कम एक हजार सहाशे रुपये. बाराशे पाकिटात, चारशे बंडीच्या आतल्या खिशात. धुळ्याच्या बसस्थानकावर हजर मी, आणि मला पोचवायला आलेले शेजारचे नाना. नाना पोस्टातून निवृत्त झालेले, बोलणे अस्सल अहिराणी. गाडी लागेपर्यंत त्यांनी दोनदा विचारले, "भाऊ, पोर तुम्हनीच शे ना? मंग कोरटमा कसाले जातस?"

मुलगी आपलीच तर कोर्टात कशाला, हा प्रश्न वाचणाऱ्यांनाही पडेल, म्हणून तेवढे आधी सांगून टाकतो. नेपाळच्या तराईत एका कालव्याच्या कामावर मी चार वर्षे ठेकेदाराचा हिशेबनीस होतो. सुमन, माझी पत्नी, सोबत होती. लग्नाला अठरा वर्षे झाली, मूल नाही. कामावर माती वाहणारी एक विधवा बाई तापाने गेली आणि तिची मुलगी माया म्हाताऱ्या आजीजवळ उरली. आजीला दिसत नव्हते. सुमन मुलीला जेवू घालू लागली, मग मुलगी आमच्याकडेच झोपू लागली. शेवटी आजीने टिळा लावून तिला सुमनच्या ओटीत घातले. तिथल्या जिल्हा कार्यालयाने शिक्का मारून कागद दिला. आम्ही समजलो, झाले.

मे महिन्यात परत आलो तेव्हा धुळ्याच्या आमच्या घरातला भाडेकरू दिवाळीपर्यंत हलायला तयार नव्हता. म्हणून सुमन आणि माया रावेरला सुमनच्या भावाकडे राहिल्या, आणि मी तेलाच्या गिरणीत नोकरी धरून मित्राच्या खोलीवर राहिलो. नवी नोकरी, रजा नाही. सात महिन्यांत माझे दोनदा जाणे झाले. मधल्या काळात मायाच्या शाळेची चौकशी केली तर मुख्याध्यापकांनी तो नेपाळचा कागद उलटसुलट करून परत दिला आणि म्हणाले, "वकिलाला दाखवा."

वकिलाला दाखवल्यावर जे कळले आणि जे करावे लागले, ते लिहितो आहे. या वाटेने जाणारे थोडे. पण कोणी गेलाच तर त्याला निदान रस्ता माहीत असावा.

धुळे ते जळगाव

जळगावची गाडी पारोळा, एरंडोल करत सरळ जाते असे मी समजून चाललो. बसल्यावर कळले की ही गाडी धरणगावमार्गे. कापसाचे दिवस. धरणगावात जिनिंगच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग रस्त्यावर आलेली. कापूस इतका भरलेला की बैलांच्या मागे पांढऱ्या भिंती चालत आहेत असे वाटावे. वाहक खाली उतरून गाडीवानांशी भांडला, मग त्यांच्यातल्याच एकाची विडी ओढत उभा राहिला.

माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ होते. त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी त्यांच्या खांद्यावर तोंड उघडे टाकून झोपली होती. लाळेने सदरा ओला झाला होता आणि त्यांना त्याची दखलही नव्हती. मी त्या ओल्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिलो. माया माझ्या खांद्यावर कधी झोपली नव्हती.

वकीलसाहेबांचे घर जिल्हा पेठेत. वयस्कर, सावकाश बोलणारे. आतापर्यंत सारे पत्रांनी चालले होते, भेट ही पहिलीच. त्यांनी चहा सांगितला आणि बोटांवर मोजत सगळे समजावले.

"आईबाप दोघेही नसले तर पालकाला मूल दत्तक देता येतं. पण आधी जिल्हा न्यायाधीशांची परवानगी लागते. तुमच्या आजीबाईंनी आधी दिलं, परवानगी कोणी घेतलीच नाही. म्हणजे तिकडचा कागद तिकडे खरा. इकडे मुलगी तुमच्याकडे पाहुणी."

"मग?"

"मग पहिल्यांदा परवानगी. मुलगी रावेरला राहते म्हणून जळगावच्या कोर्टात. अर्ज दिलाय, वर्तमानपत्रात नोटीस देऊन झाली, हरकत कोणाची नाही. गुरुवारी तारीख आहे, मुलीला समोर आणायचं. परवानगी मिळाली की देणं-घेणं पुन्हा करायचं, हातोहात. मग दत्तकपत्राची नोंदणी. आणि सगळ्यात शेवटी नागरिकत्वाचा अर्ज, कलेक्टर कचेरीत."

आजी इतक्या लांब येऊ शकत नाही. तिने तिथल्या कार्यालयातून अंगठा लावून पत्र पाठवले होते, की माझ्या वतीने मुलगी हातात देण्याचे काम सुमनच्या भावाने, अशोकने करावे. अशोकचे नाव मीच सुचवले होते. घेणारे आम्ही दोघे, तर देणारा कोणी तिसरा हवा; आणि तो घरचाच माणूस, प्रवासखर्च शून्य. त्या वेळी मला हे फार सोयीचे वाटले होते.

वकीलसाहेबांनी फाइलमधून एक फोटो काढला. "अर्जदार आणि मुलगी असा फोटो मागितला होता. तुमच्या मिसेसनी हा पाठवला. मी तर हेच तुम्ही समजत होतो."

फोटो मायाचे कान टोचले त्या दिवसाचा. कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसते, ही आपल्याकडची रीत. अशोक फेटा बांधून बसलेला, माया त्याच्या मांडीवर, सोनार पुढे वाकलेला. मी त्या दिवशी धुळ्याला गिरणीत तेलाचे डबे मोजत होतो.

"दुसरा नाही का?" वकीलसाहेबांनी विचारले.

नव्हता. मी आणि माया एकत्र असा एकही फोटो जगात नव्हता.

रावेर

मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. भुसावळ सोडून गाडी तापीच्या पुलावर आली की मुलूख बदलतो. आमच्या धुळ्याकडे डिसेंबरात माळ पिवळा पडलेला असतो. इथे रुळांच्या दोन्ही अंगांना केळी, हिरवा काळोखच म्हणा ना. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ सारखी सोबत असते. निंभोरा गेले की डब्यात केळीच्या भावाखेरीज दुसरे बोलणे राहत नाही. भाषाही बदलते. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, इकडे 'ळ' उच्चारायचा कंटाळा. केळीची 'केयी' होते.

अशोकची बाग स्टेशनपासून जवळ. मी पिशवी घेऊन बांधावर पोचलो तेव्हा कटाई चालू होती. माणसे खांद्यावर घड घेऊन ओळीने येत आणि ट्रकमध्ये केळीच्या पत्तीच्या थरावर हलकेच निजवत. अशोक ट्रॅक्टरवर आणि माया त्याच्या मांडीवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ती मजुरांना ओरडून सांगत होती, "हयू! फणी मोडीन!"

सात महिन्यांत तिची भाषा अशी झाली होती. मला तिच्याशी अजून मोडक्या हिंदीत बोलायची सवय.

"या दाजी, या!" अशोक म्हणाला. "उतर वं माया. पाह्य कोन आलं."

तिने पाहिले. "हिसाबबाबू," म्हणाली, आणि उतरली नाही.

कालव्यावर सगळे मजूर मला याच नावाने हाक मारत. तिनेही तेच उचलले. सुमनला ती पहिल्याच महिन्यात आई म्हणू लागली. मामा हा शब्द तर तिच्या बोलीतही मामाच, तो तिला शिकावा लागला नाही. मी मात्र हिसाबबाबूच राहिलो. मला अशोकचा हेवा वाटला. याला दुसरा सभ्य शब्द शोधून उपयोग नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, पंचवीस वर्षे लोकांचे पैसे सांभाळलेला, आणि एका ट्रॅक्टरच्या सीटचा हेवा करत उभा होतो.

तिच्यासाठी धुळ्याहून बूट आणले होते. गेल्या वेळी दोऱ्याने पावलाचे माप घेऊन दोरा जपून ठेवला होता. बूट पायात गेले नाहीत. पाऊल वाढते ही गोष्ट मी धरलीच नव्हती.

"राहू द्या दाजी," अशोक म्हणाला. "मी तिले चपला घेतल्या आठवडे बाजारातून. दोन बोटं मोठ्या घेतल्या. पोरीचा पाय केयीसारखा वाढते."

दुपारी शेतातच भरिताचा बेत. हे पाहुण्यांनी एकदा तरी पाहावे असे प्रकरण आहे. मोठी हिरवट पांढरी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. काड्यांची आच झटकन येते, झटकन जाते, आणि वांग्याला धुराचा जो वास लागतो तो घरच्या चुलीवर येत नाही. मग सोलून लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्यांबरोबर कुटायचे. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी मिरच्या किती टाकल्या ते पाहत होतो, तर अशोक मोठ्याने म्हणाला, "दाजी मिरच्याही मोजू राह्यले! लिहून ठेवा, एक कमी निघाली तर आम्ही भरून देऊ." सगळे मजूर हसले. मायाही हसली. ती अशोकच्याच पानात जेवत होती. डोळ्यांतून पाणी येत होते तरी खात होती. मी माझ्या पानातला घास पुढे केला तर मान हलवून नको म्हणाली.

जेवणे झाल्यावर अशोक माझ्याजवळ येऊन बसला. काडीने जमीन उकरत बोलला.

"दाजी, राग नका मानू. एक बोलू? पोर इथं रमली. माह्ये दोन्ही पोऱ्हेच, पोरगी नाही. कोरटात चाललेच आहे तर कागद माह्या नावावर करा. सुमनताई केव्हाही येईन, तुम्ही केव्हाही या. तिले पाहा. कोन नाही म्हनते?"

त्याने हे चोरून केले नाही, तोंडावर विचारले. म्हणून जास्त राग आला. मी म्हणालो, "तू देणारा आहेस."

"तेच तं म्हनू राह्यलो," तो म्हणाला. "देनाराच्या हाती अजून पोर आहे."

घरी आल्यावर मी सुमनला विचारले, तुला हे माहीत होते का.

"होतं," ती म्हणाली. "त्याने विचारलं. मी हो म्हटलं नाही."

"नाहीही म्हटलं नाहीस."

"काय म्हणू? आल्यापासून तुम्ही मला कागद किती, नकला किती, ते विचारलंत. तिला एकदा तरी जवळ ओढलंत का?"

"ती येत नाही."

"तुम्ही बोलावत नाही. हाक मारायची तर हजेरीपटावरचं नाव वाचल्यासारखी मारता."

ओसरीवर माया अशोकच्या पाठीवर बसून त्याला बैल करून फिरवत होती. घरात त्याची दोन मुले, बायको, म्हातारी आई, गडी. इतके सगळे ज्याच्याकडे आहे त्याला माझे एक का हवे होते?

जळगाव, फोटो

बुधवारी आम्ही चौघे जळगावला आलो. मी, सुमन, माया आणि देणारा. एका लॉजवर दोन खोल्या घेतल्या. वकीलसाहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो हवा होता, म्हणून संध्याकाळी नवीपेठेतल्या एका स्टुडिओत गेलो. पडद्यावर काश्मीरचे तळे रंगवलेले. फोटोग्राफर घाईत होता.

"बापाच्या मांडीवर बसवा मुलीला," तो म्हणाला आणि अशोककडे पाहिले.

"मी नाय, ते," अशोकने माझ्याकडे बोट केले.

मी खुर्चीत बसलो. सुमनने मायाला माझ्या मांडीवर ठेवले. ती लाकडासारखी ताठ बसली, आणि फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरला की घसरून खाली उतरायची. तीनदा असे झाले. तो वैतागला. "साहेब, मुलगी तुमचीच ना? एक प्लेट वाया गेली तर पैसे लागतील."

तेव्हा अशोक कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याने काय केले ते मला दिसले नाही, कारण मला समोरच्या भिंगाकडे पाहायला सांगितले होते. पण माया खदखदून हसली, माझ्या मांडीवर मागे रेलली आणि तिने दोन्ही हात वर केले. खटका पडला.

तो फोटो उत्तम आला. आजही घरात आहे. येणारे जाणारे म्हणतात, मुलगी बापाच्या मांडीवर किती खुशीत आहे! ती कोणाकडे पाहून हसते आहे, हे फोटोत येत नाही.

जळगाव, कोर्ट

जिल्हा न्यायाधीशांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावले. कोर्टरूमपेक्षा ती खोली लहान, एक पंखा, कपाटे. साहेब आमच्याच वयाचे, चष्मा कपाळावर सारून कागद वाचणारे. फोटो पाहून म्हणाले, "वा, छान." वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

आधी माझी शपथ झाली. उत्पन्न, घर, वय, आजार विचारले.

"मुलीच्या आजीला काही रक्कम दिली?"

"रक्कम नाही. दोन घोंगड्या दिल्या, पण त्या दत्तकाच्या आधीच्या हिवाळ्यात. एकूण बारा बायकांना दिल्या होत्या, त्यांत तिच्या दोन. एक जास्त, कारण तिच्याकडे मूल होते."

वकीलसाहेब खोकले. एवढे सांगायचे नसते, असा त्या खोकल्याचा अर्थ असावा. साहेबांनी मात्र लिहून घेतले आणि मग मायाला जवळ बोलावले. ती सुमनचा पदर धरून पुढे गेली.

"नाव काय तुझं?"

"माया."

"कुठे राहतेस?"

"रावेरले. मामाची केयी आहे."

"आणि तुला कुठे राहायला आवडेल?"

"रावेरले."

साहेबांनी माझ्याकडे बोट केले. "हे कोण?"

"हिसाबबाबू."

वकीलसाहेब काही बोलायला गेले, साहेबांनी हाताने थांबवले. ते तिच्याशी अगदी हळू बोलत होते.

"हिसाबबाबू तुझ्यासाठी काय करतात?"

तिने विचार केला. मी पण केला. मी तिच्यासाठी काय करत होतो? फी, अर्ज, मुद्रांक, तारखा. यातले तिला काय माहीत असणार?

"नखं कापतात," ती म्हणाली.

"नखं?"

"आई कापते तं दुखते. मामी कापते तं रक्त येते. हिसाबबाबू कापतात तं दुखत नाही. पन ते येतच नाहीत." आणि तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. नखे वाढलेली, त्यांत केळीच्या चिकाचा काळा डाग.

कालव्यावर दर रविवारी मी माझी नखे काढायचो, तेव्हा ती येऊन बसायची आणि हात पुढे करायची. पात्याखाली बोट नीट धरायचे आणि घाई करायची नाही, यात माझे काय कौतुक? तेही कोणी पाहिले असेल, हे मला ठाऊक नव्हते.

साहेबांनी त्या हातांकडे पाहिले. मग अशोकला उभे केले.

"आजीबाईंच्या वतीने तुम्ही मुलगी देणार, असं पत्र आहे. तुमची तयारी आहे?"

अशोकच्या हातात टोपी, तिची घडी उलटी, सुलटी. मी सुमनकडे पाहिले, ती भावाकडे पाहत होती. त्याने नाही म्हटले असते तर त्या दिवशी सगळे थांबले असते, आणि नेपाळहून पुन्हा पत्र येईतो माया पूर्ण रावेरची झाली असती. हे त्यालाही कळत होते.

"साहेब, खरं सांगू?" तो म्हणाला. "माह्यं मन नाही."

"मग?"

"मन नाही. पन म्हातारीनं माह्या नावानं पत्र धाडलं ते देयासाठी. ठेवासाठी नाही. मी देतो."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहायला लागले.

माझी मुलगी मला मिळाली ती या वाक्याने. आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेब अशोकची पाठ थोपटत होते, पट्टेवालाही त्याला 'शाब्बास भाऊ' म्हणाला, आणि मला वाटले, त्या खोलीत सगळ्यांच्या लक्षात राहील असे बोलायची पाळी त्याचीच कशी आली? तिथेही तोच पुढे.

शनिवार

आदेशाची नक्कल शुक्रवारी उशिरा हातात आली. शनिवारी सकाळी वकीलसाहेबांच्या ओळखीच्या एका देवळाच्या ओट्यावर देणे-घेणे ठरले. वकीलसाहेब स्वतः आले होते. म्हणाले, "होम नसला तरी चालेल, मंत्र कमी झाला तरी चालेल. मुलगी या हातातून त्या हातात गेली पाहिजे. कायद्याचा जीव त्यात आहे."

नेपाळात आजीने एकटीने टिळा लावला, दूर्वा कानाला खोचल्या आणि सुमनच्या ओटीत घातले. मागे कालव्यावरच्या बायका रडत होत्या. आपल्याकडे गुरुजी, पाट, नारळ, हळदकुंकू. अशोक एका पाटावर, मांडीवर माया. समोरच्या पाटावर मी आणि सुमन.

"देतो म्हणा," गुरुजी म्हणाले.

"देतो," अशोक म्हणाला.

"घेतो म्हणा."

"घेतो," मी म्हणालो.

त्याने तिला उचलले आणि माझ्याकडे वाकला. मायाने त्याच्या सदऱ्याचे बटण मुठीत धरले होते. ती सोडेना. सुमन पुढे झाली तर गुरुजी म्हणाले, "ओढू नका." अशोक तसाच वाकत राहिला, इतका की त्याचे कोपर, मग खांदा, मग डोकेही माझ्या मांडीवर आले. मुलीबरोबर अर्धा मामा मी मांडीवर घेतला. त्याच्या केसांना केळीच्या बागेचा ओला वास होता. तो रडत होता, आणि ते माझ्याखेरीज कोणाला दिसू नये म्हणूनच बहुधा इतका वेळ उठला नाही. शेवटी बटण तुटले. ते माझ्या मुलीच्या मुठीत राहिले आणि तो मागे सरला.

"झालं," वकीलसाहेब म्हणाले. "कायद्याला एवढं पुरतं."

यानंतर रीतीप्रमाणे सुमनने पिशवीतून टोपी-उपरणे आणि नारळ काढला. भावाचा मान. वकीलसाहेबांनी तिचा हात अडवला.

"आज नाही, बाई. देणाऱ्याच्या हातात आज काहीही पडता कामा नये. उद्या कोणी म्हणेल, मोबदला घेऊन मुलगी दिली."

"अहो, टोपीला मोबदला म्हणतात का? मामाला रिकाम्या हाताने पाठवू?"

"टोपी असो की सुपारी. कलम आहे."

सुमनचा चेहरा पडला. माहेरचा माणूस, घरून आणून, मुलगी देववून, टोपीशिवाय पाठवणे हे आमच्या दोन्ही गावांत ऐकलेले नाही. अशोक हसला. "राहू दे ताई. दाजीचा खर्च वाचला. कायदा दाजीच्याच बाजूचा दिसू राह्यला."

ते खरे होते. मला आत कुठेतरी फार बरे वाटले. त्याला सगळे मिळते, आज कायद्याने काही मिळणार नाही. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दत्तकपत्र नोंदवताना कारकुनाने विचारले, "मोबदला?" तेव्हा मी कोणाच्याही आधी म्हणालो, "काही नाही." नोंदणी फी आणि मुद्रांकाचे पैसे भरले, पावती घेतली. नागरिकत्वाचा अर्ज धुळ्याला जाऊन द्यायचा, ते काम पुढे बरेच महिने चालले. त्याला फक्त चिकाटी लागते, सांगण्यासारखे काही नाही.

दुपारी बसस्थानकावर आलो. बेत असा की अशोक रावेरच्या गाडीत बसेल आणि आम्ही तिघे धुळ्याच्या. भाडेकरू गेला होता, घर धुऊन ठेवले होते. रावेरची गाडी आधी लागली. अशोक पायरीवर चढला आणि माया सुमनचा हात सोडवून त्याच्यामागे धावली. तो खाली वाकला.

"माले नको विचारू आता," तो तिला म्हणाला. "बापाले विचार."

ती वळली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आतापर्यंत तिने माझ्याकडे काहीच मागितले नव्हते.

"हिसाबबाबू, जाऊ?"

माझ्या पिशवीत नोंदलेला कागद होता. त्या कागदाने मला नाही म्हणता येत होते. मी घड्याळाकडे पाहिले, उगाच. मग म्हणालो, "चल. आपण सगळेच जाऊ. सोमवारी सकाळी धुळ्याला."

गाडी भरलेली. माया धावत जाऊन अशोकच्या मांडीवर बसली. मला आणि सुमनला मागच्या बाकावर जागा मिळाली. तिकिटे फाडत वाहक आला. मी पैसे पुढे केले. "रावेर. दोन पूर्ण, एक अर्धं." त्याने पूर्ण तिकिटे माझ्याकडे दिली आणि अर्धे, मुलगी कुठे बसली आहे ते पाहून, अशोकच्या हातात ठेवले.

"मास्तर," मी म्हणालो, "ते अर्धं इकडे द्या."

"का हो? मुलगी त्यांची ना?"

"माझी."

वाहकाने अशोककडे पाहिले. अशोकने तिकीट मुकाट्याने मागे पाठवले. दोन पूर्ण आणि एक अर्धे, मिळून अठ्ठावीस रुपये पंचाहत्तर पैसे वाहकाला दिले. अशोकचे तिकीट मी काढले नाही. देणाऱ्याच्या हातात त्या दिवशी काहीही पडता कामा नये, असे वकीलसाहेबांनी सांगितलेच होते.